सड्यावरचा फुलांचा दिवस: कातळ न वाचता ठरवलेली एक सहल

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी असा किनाऱ्याचा रस्ता धरला की आडिवऱ्याच्या आसपास घाट्या चढून वर येताच सडे लागतात. मैलभर सपाट जांभा, कडेला दगड रचलेले गडगे, मध्येच एखादं आंब्याचं कलम आणि पावसाळ्यात त्या काळ्या दगडावर पसरलेली फुलं. या भागातल्या एका छोट्या गावात दरवर्षी एक रविवार सड्यावरच्या फुलांसाठी राखून ठेवतात. शाळेच्या सभागृहात मांडणी, बचत गटांचं जेवण, सकाळी सड्यावर फेरी आणि दुपारनंतर पाहुणे समुद्राकडे, असा एका दिवसाचा बेत असतो. गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. सडा लहान आहे, खासगी मालकीचा आहे आणि एका रविवारी किती माणसं पेलायची याची त्याला मर्यादा आहे.

ज्या वर्षाचं हे प्रकरण आहे त्या वर्षी दिवस पडला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. रत्नागिरीहून ३१ जणांचा एक गट आला होता. २६ जण मिनीबसमध्ये, ५ जण एका गाडीत. त्यात साठीच्या पुढचे सात आणि दहा वर्षांखालची पाच मुलं. दिवसअखेर हिशेब असा होता: फुलं जवळजवळ दिसली नाहीत, एका काकूंचं मनगट दुखावलं, एका मुलाने उचललेल्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप निघाला आणि बस वळवताना सड्यावर दोन लांब चाकोऱ्या पडल्या. पाहुणे नाराज होऊन गेले, गाव त्याहून नाराज झालं. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. आयोजकांनी मनापासून मेहनत घेतली होती, पाहुणेही सभ्य होते. चूक सगळी ठरवण्यात होती, म्हणूनच हे प्रकरण नीट मांडून ठेवण्यासारखं आहे.

तारीख कशी चुकली

दिवस ठरवायचा गावाचा नियम सोपा होता: अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला रविवार. त्यामागे व्यवहार होता. गणपतीत घरं माणसांनी भरलेली असतात, चाकरमानी आलेले असतात, बायकांना चुलीपुढून हलता येत नाही. विसर्जन झालं की हात मोकळे होतात, मंडप उभाच असतो, खुर्च्याही तिथेच असतात.

अडचण अशी की गणपती चंद्राच्या पंचांगाने येतो आणि फुलं पावसाने. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. गावाचा नियम या वर्षांना लावला तर फुलांचा दिवस अनुक्रमे १ ऑक्टोबर, २२ सप्टेंबर आणि ७ सप्टेंबर असा पडतो. म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ साडेतीन आठवड्यांचा फरक. अधिक महिना श्रावणात किंवा त्याआधी आला की गणपती एकदम पुढे सरकतात. फुलं मात्र सरकत नाहीत. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. सड्याला फार तर दोन-तीन आठवडे मिळतात.

याला आणखी एका समजुतीची जोड मिळाली. कासचं पठार सप्टेंबरभर आणि पुढेही फुललेलं असतं, मग आपलं का नसेल? पण कास सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे. तिथे ढग उतरलेले असतात, हवा गार असते, जमीन उशिरापर्यंत ओली राहते. किनाऱ्यालगतचा सडा दोनशे मीटरच्याही आत. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो खरा, पण जांभा सच्छिद्र, वरची माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. चार दिवस उघडीप पडली, ऊन तापलं की कातळ सुकतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसाने चांगलीच ओढ दिली होती. सीतेची आसवे ही जांभळी फुलं सप्टेंबरच्या मध्यालाच विरळ झाली आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत गवत गुडघ्याला लागलं होतं. गेंदांचे पांढरे बोंडके होते, पण वाळून राखाडी झालेले आणि गवताच्या आत लपलेले.

सड्यावर फुलांची एकच लाट येत नाही, हेही पाहुण्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पावसाबरोबर, जून-जुलैत, दीपकाडी येते. पांढरीशुभ्र, कोकणातल्या सड्यांची खास, जगात इतरत्र न आढळणारी. जुलै-ऑगस्टमध्ये हबेनारियासारखी जमिनीवरची आमरं, म्हणजे ऑर्किड. ऑगस्टच्या मध्यापासून ओल्या झिरपणीत गेंद, सीतेची आसवे, किडे खाणारी दवबिंदू ही वनस्पती, डबक्यांत रोटाला ही पाणवनस्पती. गडग्यांच्या कडेला तेरडा, मग गवतात पिवळा कवळा. शेवटी गवतच. गावाच्या फलकावर छायाचित्र होतं दीपकाडीचं, तेही झकास काढलेलं. ज्या फुलाचा हंगाम दोन महिन्यांपूर्वी सरला ते फलकावर लावलं की पाहुण्याला वाटतं आपली फसवणूक झाली. त्या दिवशी सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न "हे फूल कुठे आहे?" हाच होता.

सकाळचे वाया गेलेले चार तास

बस साडेसहाला सुटायची होती, सुटली सात वाजता. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दर्शन, नंतर नाश्ता, पूर्णगडच्या पुलावर मुचकुंदीची खाडी बघायला थांबणं. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, पण वळणं, घाट्या आणि वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता. न थांबता सव्वा ते दीड तास धरावा लागतो. गट पोचला पावणेदहाला. मग दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं. पहिलं पाऊल सड्यावर पडलं तेव्हा अकरा वाजायला आले होते.

फुलांच्या दृष्टीने हा उशीर सगळ्यांना सारखा भोवत नाही. गेंद दिवसभर जसाच्या तसा दिसतो; तो एक फूल नसून बारीक फुलांचा गच्च गुच्छ असतो आणि मिटत नाही. पण केना, नभाळी यांच्या जातीची निळी-जांभळी फुलं एका दिवसाचीही नसतात, केन्याचं फूल तर दुपारपर्यंत विरघळून जातं. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब तिरप्या उन्हात चमकतात, डोक्यावरच्या उन्हात शोधूनही सापडत नाहीत. आणि माणसांचंही तेच. ढग फाटले की ओला जांभा वाफ सोडतो, सावली कुठेच नसते. बरोबर माणशी एक लिटरची बाटली होती, ती साडेअकरापर्यंत संपली. सड्यावर दोन तास काढायचे तर माणशी दोन लिटर लागतं, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना चिमूटभर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी वेगळं. शेवटची सोय, म्हणजे स्वच्छतागृह, शाळेतच. त्यामुळे सड्यावरून बायका लवकर परतल्या. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण फेरी अर्धवट सुटण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

बस आणि चाकोऱ्या

या दिवसातला सगळ्यात महाग पडलेला प्रसंग पाच मिनिटांचा होता.

डांबरी रस्ता संपतो तिथून सड्यावर जांभ्याची एक कच्ची वाट जाते. चिरेखाणीच्या काळात ट्रक जात असत, त्यामुळे ती कठीण आहे. ज्येष्ठांना चालायला नको म्हणून बस त्या वाटेने आत नेली. पुढे वाट अरुंद झाली आणि बस वळवायची वेळ आली. डावीकडे हिरवंगार, सपाट, मैदानासारखं दिसत होतं. स्वयंसेवक मुलगा ओरडला, "दादा, थांबा! तिकडं नको, तिकडं मऊ हाय!" चालकाने मागे बघितलं, हिरवळ दिसली, आणि त्याला वाटलं मुलगा गवत तुडवायला नको म्हणतोय. आदल्या रात्री सर येऊन गेली होती. मागची डावी चाकं विताएवढी आत गेली. माणसांनी ढकलून बस निघाली, मागे सहा-सात मीटर लांबीच्या दोन चाकोऱ्या राहिल्या.

सड्यावर हिरवं आणि सपाट दिसतं ती जागा बहुधा जमीन नसते. जांभ्यात उथळ बशीसारखा खळगा असतो, त्यात वर्षानुवर्षं वाहून आलेली माती साठते आणि चारी बाजूंच्या कातळाचं पाणी पावसाळाभर तिच्यातून झिरपत राहतं. त्या ओलसर, अन्नद्रव्यं नसलेल्या मातीतच किडे खाणाऱ्या वनस्पती टिकतात. सीतेच्या आसवांचं जांभळं फूल वर दिसतं, पण खरा कारभार चिखलात चालतो: एक-दोन मिलिमीटरच्या फुग्या, तोंडाशी झडप, सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की मिलिसेकंदाच्या आत पाण्यासकट आत ओढून घेतात. मातीत नत्र नाही म्हणून ही सोय. असा खळगा म्हणजे काठ शाबूत असेपर्यंत पाणी धरणारं भांडं. चाकोरी नेमका काठ कापते. मग पाणी झिरपायच्या ऐवजी त्या चरातून वाहून जातं, खळगा दोन-तीन आठवडे आधी सुकतो, ओलाव्यावर जगणारं मागे पडतं आणि गवत पुढे येतं. पुढच्या पावसाळ्यात हेच दिसलं. चाकोऱ्यांच्या खालच्या अंगाला गेंद दाट होते, वरच्या अंगाला, जिथलं पाणी चरात उतरत होतं, तिथे ऑगस्ट अखेरीलाच गवताने जागा घेतली. चाक जिथून गेलं तेवढीच फुलं मेली असं समजणं चूक आहे; मेली ती चरामुळे सुकलेल्या सगळ्या पट्ट्यातली.

दुरुस्ती करताना पहिला विचार आला तो शेजारच्या कलमांच्या बागेतून दोन टोपल्या माती आणून चर बुजवायचा. तो वेळीच थांबवला हे बरं झालं. बागेच्या मातीत शेणखत असतं, खत असतं, रानमोडीचं आणि गाजरगवताचं बी असतं. जिथे अन्नद्रव्यांचा अभाव हीच फुलांची पुंजी आहे तिथे सुपीक माती टाकणं म्हणजे तणांना आवतण. त्याऐवजी मे महिन्याच्या शेवटी, जमीन टणक आणि बी निजलेलं असताना, चरात अर्ध्या मीटरवर एक असे मुठीएवढ्या जांभ्याच्या खड्यांचे आडवे बांध घातले. खडे सड्यावरचे उचलले नाहीत, रस्त्याच्या कडेच्या ढिगातले घेतले. पावसाने वाहून आणलेली माती बांधांमागे साठू लागली. पहिल्या पावसाळ्यात निम्मी खोली भरली. पाऊस सुरू झाल्यावर हे काम करायला जाऊ नये, कारण दुरुस्त करणाऱ्याचेच पाय कोंब तुडवतात.

काकूंचं मनगट, मुलाचा दगड

काकू घसरल्या त्या ओल्या मातीत नाही, उघड्या कातळावर. कातळ कठीण म्हणून लोक तिथे निर्धास्त चालतात. पण पावसाळ्याच्या अखेरीस जांभ्यावर काळसर-हिरवा बुळबुळीत थर असतो आणि झिजलेल्या तळव्याची रबरी चप्पल त्यावर साबणासारखी सरकते. ओळखायची खूण अशी: जांभा लालसर, खडबडीत दिसला तर पाय धरतो, काळा, चकचकीत दिसला तर नाही. खाचदार तळव्याचे कापडी बूट आणि वडीलधाऱ्यांच्या हातात काठी, एवढ्याने बहुतेक पडणं टळतं. पडताना माणूस हात पुढे टेकतो, म्हणून मनगट जातं. त्या दिवशी एका शिक्षिकेने वर्तमानपत्राची जाड घडी मनगटाखाली धरून ओढणीने बांधली, हात गळ्यात अडकवला, बांगड्या सूज यायच्या आत काढल्या आणि काकूंना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. हे सगळं बरोबर होतं. चुकलं एवढंच की गाडी बसच्या मागे अडकली होती आणि बस चिखलात. तातडीची गाडी नेहमी सगळ्यांच्या मागे, तोंड रस्त्याकडे करून उभी हवी.

फुरशाचं प्रकरण निभावलं ते नशिबाने. रत्नागिरीचे सडे फुरशांसाठी ओळखले जातात. वीत-दीड वीत लांबीचा, मातकट रंगाचा साप, दिवसा सपाट दगडाखाली पडून असतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला सपाट दगड दिसला की तो उलटायचाच असतो, खेकडा सापडेल म्हणून. फुरसं वेटोळं घालून अंगाचे खवले घासत करवतीसारखा आवाज करतं. तो ऐकून मुलाच्या बाबांनी त्याला मागे ओढलं. चावलं असतं तर काय करायचं हे गटातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघांनी घट्ट दोरी बांधायची म्हटलं, एकाने चिरा द्यायची. दोन्ही घातक. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, चिरा दिला तर रक्तस्राव आवरत नाही. अंगठ्या-पैंजण काढायचे, चावलेला अवयव फळी बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि १०८ ला फोन करून थेट अशा रुग्णालयात न्यायचं जिथे प्रतिविष आहे. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर चालतं, पण ते प्रत्येक ठिकाणी शिल्लक असतंच असं नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं. सड्यावर जायच्या आधी मुलांना एकच नियम सांगितला तरी पुरे: दगड उलटायचा नाही, गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही.

जेवण

जेवण चांगलं होतं आणि त्याचं श्रेय बचत गटांना आहे, पण एक दुरुस्ती. पत्रिकेत "रानभाज्यांचा बेत" असं छापलं होतं. टाकळा, फोडशी या पहिल्या पावसाच्या भाज्या. ऑक्टोबरात टाकळ्याला शेंगा धरलेल्या असतात, पाला जून आणि कडवट. बायकांनी तरीही शोधून आणला, शिजवला, कुणी खाल्ला नाही. त्या दिवसांत परसात जे असतं तेच ठेवावं: पडवळ, दोडका, चिबूड, मोठ्या काकडीची गुळातली तवसळी, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी. पुढच्या वर्षी असंच केलं आणि तवसळी दुपारी एकलाच संपली. माणशी एक मोठा तुकडा धरला होता, दीड धरायला हवा होता.

दुसऱ्या वर्षी काय बदललं

सर्वांत मोठा बदल तारखेचा. आता तारीख आधी ठरत नाही, कालावधी ठरतो: २० ऑगस्ट ते २० सप्टेंबर. त्यातले गणपतीचे दिवस वगळायचे. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की शाळेतले विज्ञानाचे सर, सड्याच्या मालकांपैकी एक आणि गुरं चारणारा एक जण असे तिघे दर चार दिवसांनी सड्यावर जातात. बांबूच्या कामट्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट असते. बारा जागा ठरलेल्या आहेत: चार उघड्या कातळाच्या कडेला, चार ओल्या खळग्यांत, चार गडग्यांजवळ. प्रत्येक चौकटीत उघडी फुलं असलेले दांडे मोजायचे आणि गवताची उंची बघायची. बारापैकी आठ जागी सीतेची आसवे किंवा गेंद भरात आले आणि गवत घोट्याच्या खाली असलं की त्यापुढचा दुसरा रविवार जाहीर होतो. पाहुण्यांना दहा-बारा दिवस आधी कळतं. मुंबईच्या माणसाला कोकण रेल्वेचं आरक्षण तेवढ्यात मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगड इथून येणाऱ्यांना ते पुरतं, आणि सड्याला तेवढीच माणसं पुरे आहेत. मंडप-खुर्च्यांची सोय गेली; सभागृहात सतरंज्या घातल्या.

चतुर्थी ऑगस्टअखेर आली की हिशेब अवघड होतो, कारण फुलांचा भर आणि सण एकावर एक येतात. २०२५ सारख्या वर्षी दोनच मार्ग उरतात: विसर्जनानंतरचा लगेचचा रविवार किंवा चतुर्थीच्या आधीचा. आमच्या मते आधीचा बरा. सडा ताजा असतो, आणि गौरीसाठी तेरडा मुळासकट उपटला जाण्याआधी गडग्यांची कड पूर्ण गुलाबी असते. तेरड्याच्या गौरी हा या गावांचा जुना आणि खरा फुलांचा सण आहे. मांडणीत त्याला जागा द्यायला हवी. तेरडा झपाट्याने उगवतो, बी उडवतो, उपटल्याने संपत नाही. गेंदाचं आणि सीतेच्या आसवांचं तसं नाही, हा फरक मुलांना तिथेच दाखवता येतो.

गाड्या आता डांबरी रस्त्यावर, सड्याच्या आठशे मीटर अलीकडे थांबतात. ज्येष्ठांना रिक्षाने डांबर संपतं तिथपर्यंत नेतात, पुढे एकही चाक जात नाही. फेरी साडेसात ते साडेनऊ. भाषणं जेवणानंतर. पाहुण्यांचे बारा-बाराचे गट, प्रत्येकापुढे एक आणि मागे एक माहीतगार. पुढचा कातळावरून चालतो, बाकीचे त्याच्या पावलावर. वाट सुंभाच्या दोरीने आखतात. दोरी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत रोवलेल्या काठ्यांना बांधलेली. आधी चुन्याच्या फक्कीने रेघ मारायचं ठरत होतं, क्रीडांगणावर मारतात तशी. ते करू नये. सड्याची माती आम्लधर्मी असते आणि इथल्या वनस्पती तिलाच सरावलेल्या. चुना पावसाने वाहत जाऊन खळग्यात उतरतो. रांगोळीची पूडही दगडाचीच, तीही नको.

छायाचित्रांची हौस आवरणं सगळ्यात कठीण. गेंदांच्या पांढऱ्या चादरीत बसून काढलेला एक फोटो समाजमाध्यमांवर गेला की पुढचे दहा जण तिथेच बसतात. बंदीच्या पाट्यांनी फार काही होत नाही असं दिसलं. उपयोग झाला तो तीन ठरलेल्या जागांचा: उघड्या कातळाचे मोठे तुकडे, ज्यांच्या कडेला फुलं आहेत. तिथे गोणपाटाच्या घड्या ठेवल्या. माणूस कातळावर पालथा पडतो, कॅमेरा फुलाच्या उंचीला नेतो, आणि दहा-पंधरा सेंटिमीटरचा गेंद आभाळाएवढा दिसतो. उभ्याने काढलेल्या फोटोपेक्षा हा इतका सरस येतो की मग आत बसायची गरजच वाटत नाही. दर गटाला दहापट मोठं दाखवणारं एक भिंग दिलं, दोरीने गळ्यात. सीतेच्या आसवांच्या फुग्या बघायला कुणी झाड उपटू नये म्हणून सरांनी मालकांना विचारून एकच पुंजका बशीत आणला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर ठेवला. रांग लागली होती.

कातळशिल्पांचीही काळजी आता घेतात. याच पट्ट्यात देवीहसोळ, कशेळी, बारसू इथली कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या अशा स्थळांचा समूह २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आला. पावसाळ्यात रेषा गाळाने आणि शेवाळाने बुजतात, दिसत नाहीत, आणि माणसं त्यांवरून चालतात. फेरीची वाट आखण्याआधी उन्हाळ्यात सडा एकदा पालथा घालून वाट त्यांच्यापासून दूर ठेवली.

दुपारी समुद्रावर जायचं तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघावी. कशेळीच्या देवघळीच्या कड्यावरून बघण्यात जोखीम कमी, खाली उतरायचं तर ओहोटी हवी आणि पावसाळ्यात पाण्यात पाय नको. कनकादित्याच्या देवळात तासभर निवांत जातो, ज्येष्ठांना तेच आवडतं.

पैसे आणि अजून न सुटलेलं

पहिल्या वर्षी प्रवेश मोफत होता, दुसऱ्या वर्षी माणशी ५० रुपये आणि जास्तीत जास्त १२० पाहुणे. जमलेल्या रकमेतला निम्मा भाग सड्याच्या मालकांना, उरलेला माहीतगार मुलांना आणि दोरी-डब्यांच्या खर्चाला. रक्कम छोटी आहे. महसुली कागदावर हा सडा पडीक, एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, अर्धी मुंबईत. त्यांच्यातल्या एकाला चिरेखाणीसाठी विचारणा झाली आहे, दुसऱ्याला सुरुंग लावून खड्डे काढून हापूसची कलमं लावायची आहेत, आणि दोन्हींतून मिळणाऱ्या पैशापुढे फुलांच्या दिवसाचा वाटा काहीच नाही. गावाने मालकांपुढे एवढंच ठेवलं आहे: ओले खळगे असलेला मधला पट्टा, साधारण पाच एकर, दहा वर्षं तसाच राहू द्यावा, गुरं चरू द्यावीत, आणि खाण किंवा बाग काढायचीच तर रस्त्याकडच्या कोरड्या बाजूला. गुरं बंद करायची नाहीत हा मुद्दा गुराख्याने लावून धरला आणि तो बरोबर आहे. चराई थांबली की गवत माजतं आणि बुटकी फुलं दबून जातात. सह्यांपैकी नऊ आल्या आहेत. उरलेल्या बहुतेक सह्या ज्यांच्या आहेत ते गणपतीला गावी येतात, म्हणून कागद तेव्हा घरोघर फिरवायचा ठरला आहे.